शाळेतला शेजारी : गोराई, मंडाले आणि कराची

बोरिवलीच्या बाजूने गोराई खाडीपाशी आले की पलीकडे तिवरांच्या वर एक सोनेरी घुमट दिसतो. ग्लोबल विपश्यना पॅगोडा या नावाने तो आता सर्वांच्या ओळखीचा झाला आहे. उंची सुमारे ३२५ फूट, आत एकही खांब नाही, एका वेळी आठ हजार माणसे ध्यानाला बसू शकतील एवढे सभागृह. ८ फेब्रुवारी २००९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. उपनगरांतल्या शाळांच्या सहली येथे येतात. मुले उंची लिहून घेतात, खांब नसल्याचे लिहून घेतात, रांगेने परत जेटीवर येतात. ही वास्तू यांगूनच्या श्वेडगॉन पॅगोड्याच्या धर्तीवर बांधली आहे, हेही त्यांच्या वहीत असते. मात्र यांगून कोठे आहे, तेथे कोण राहते आणि ते लोक आपल्याविषयी काय म्हणतात, हे त्या वहीत सहसा नसते.

शेजारच्या देशांशी आणि त्यांच्या संस्कृतीशी ओळख करून घेण्यासाठी आपली शाळा मुलांची काही तयारी करते का, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. मी शिक्षक नाही. पाठ्यपुस्तके जमवणे, ती एकमेकांशेजारी ठेवून वाचणे आणि त्यांत आलेली स्थळे जमेल तशी पाहणे, एवढीच माझी या विषयातली पूंजी. त्या वाचनातून जे हाती आले ते असे : शेजारी आपल्या पुस्तकांत आहे, आपल्या गावांतही आहे, पण त्याला बोलायला जागा नाही. आपणच त्याच्याविषयी बोलतो.

पुस्तकातले तीन शेजारी

बालभारतीची सहावी, नववी आणि दहावीची, २०१६ ते २०१८ या काळात नव्याने आलेली पुस्तके एकत्र पाहिली तर शेजाऱ्याची तीन रूपे दिसतात.

सहावीच्या इतिहासाची सुरुवात ‘भारतीय उपखंड आणि इतिहास’ या प्रकरणाने होते. आजच्या सीमारेषांपेक्षा उपखंड मोठा आहे, हे अकरा वर्षांच्या मुलाला पहिल्याच पाठात सांगणे ही चांगली गोष्ट आहे. शेवटचे प्रकरण ‘प्राचीन भारत आणि जग’. त्यात महेंद्र आणि संघमित्रा श्रीलंकेत जातात, धर्म जातो, कथा जातात, शिल्प जाते. यात खोटे काही नाही. मात्र वाचून पुस्तक मिटताना मुलाच्या मनात राहते ती एकच दिशा : येथून तेथे. शेजारी हा घेणारा, आपण देणारे. या दृष्टीला मोठा पूर्वेतिहास आहे. कलकत्त्यात १९२६ साली ‘ग्रेटर इंडिया सोसायटी’ स्थापन झाली आणि रमेशचंद्र मजुमदारांसारख्या विद्वानांनी आग्नेय आशियातील राज्यांचा उल्लेख प्राचीन भारतीय वसाहती असा केला. पारतंत्र्यातल्या पिढीला त्या शब्दाने धीर दिला असेल. स्वतः वसाहत म्हणून दीडशे वर्षे काढलेल्या देशाच्या मुलाला आज तो शब्द, किंवा त्या शब्दामागची भावना, तशीच हाती देणे बरोबर आहे का, याचा विचार व्हायला हवा.

नववीच्या राज्यशास्त्रात ‘भारत व अन्य देश’ हे प्रकरण आहे. त्याच्या अलीकडे परराष्ट्र धोरण, सुरक्षा व्यवस्था आणि संयुक्त राष्ट्रे, पलीकडे आंतरराष्ट्रीय समस्या. प्रकरणांच्या या क्रमातूनच शेजाऱ्याची जागा ठरते. प्रत्येकाच्या वाट्याला मोजक्या ओळी, आणि त्यांत करार, युद्धे, मदत. येथला शेजारी म्हणजे परराष्ट्र खात्याची फाइल. परीक्षेपुरती सार्कची स्थापना पाठ होते : १९८५, ढाका. २०१४ सालच्या काठमांडू परिषदेनंतर सार्कची शिखर परिषद भरलेलीच नाही, हे पाठ करायची गरज नसते. आणि म्यानमार सार्कचा सदस्य नसल्याने तो या पाठांतरातूनही सुटतो.

दहावीच्या भूगोलात तिसरे रूप दिसते, किंवा खरे तर दिसत नाही. ते सबंध पुस्तक भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे. स्थान, प्राकृतिक रचना, हवामान, वनस्पती, लोकसंख्या, वस्ती, व्यवसाय, पर्यटन, सगळे दोन्ही देशांचे शेजारी शेजारी मांडलेले. या पुस्तकाची थट्टा मी अनेकदा ऐकली आहे. मला ती पटत नाही. परक्या देशाकडे भांडणाच्या किंवा गुरुत्वाच्या चष्म्यातून न पाहता, त्यांचा पाऊस कसा, त्यांची शेती कशी, त्यांची माणसे कोठे दाटीने राहतात असे विचारणारे हे आपल्या शालेय अभ्यासक्रमातले बहुधा सर्वांत सभ्य पुस्तक आहे. त्याची पद्धत उत्तम आहे. प्रश्न एवढाच की ही सभ्यता अटलांटिकपलीकडच्या देशासाठी राखून ठेवली आणि बंगालच्या उपसागरापलीकडच्या देशाला ती मिळाली नाही. श्रीलंका आणि कोकण, किंवा आराकानचा किनारा आणि आपला किनारा, यांची तुलना याच साच्यात करता आली असती. भात, नारळ, मासळी, मोसमी पाऊस. साम्ये शोधायला लांब जावे लागले नसते. गोराई-मनोरीच्या घरात सुका जवळा असतो. बर्मी घरात लहान कोळंबी किंवा मासळी मिठात आंबवून तिची ‘ङापी’ करतात. एकाच समुद्रपट्ट्यातल्या दोन स्वयंपाकघरांनी एकाच जिनसाचे काय केले, हा दहावीच्या मुलाला झेपणारा आणि आवडणारा प्रश्न आहे.

पॅगोडा काय सांगतो

आता पुस्तकाबाहेर, गोराईत येऊ. पॅगोड्याची कल्पना ज्यांची, ते सत्यनारायण गोएंका १९२४ साली मंडालेत जन्मले. घर मारवाडी, व्यापार ब्रह्मदेशातला. त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते; म्हणजे विपश्यना आपल्याकडे आली ती सरकारी हिशेब तपासणाऱ्या एका गृहस्थाकडून. गोएंका १९६९ मध्ये भारतात आले, त्याच वर्षी जुलैत मुंबईत पहिले शिबिर झाले, पुढे १९७६ मध्ये इगतपुरीचे केंद्र उभे राहिले. गोराईचा पॅगोडा हे ब्रह्मदेशाविषयीच्या कृतज्ञतेचे स्मारक आहे, असे त्यांनी वारंवार सांगितले. शिखरावरचे छत्र बर्मी लोकांनी दिलेले आहे. आतल्या बुद्धधातूंपैकी काही महाबोधी सोसायटीकडून आणि काही श्रीलंकेकडून आले. दगड राजस्थानातला. एवढे शेजारी एका वास्तूत एकत्र आलेले मुंबईत दुसरीकडे क्वचितच सापडतील.

येथे सांगितली जाणारी मुख्य कथा अशी की भारतात लोप पावलेली विद्या ब्रह्मदेशाने दोन हजार वर्षे जपली आणि ती आपल्याला परत मिळाली. कृतज्ञतेच्या भावनेविषयी मला आदर आहे. पण शाळेच्या मुलाला एवढीच कथा मिळाली तर पुन्हा सहावीच्या पुस्तकाचेच रूप उभे राहते. शेजारी म्हणजे आपली ठेव सांभाळणारा. त्याचे मोल आपल्या वस्तूमुळे. त्याने स्वतः काही घडवले असेल, ही शक्यता त्यात येत नाही.

हे तपासायला दूर जावे लागत नाही. गोराईपासून एका दिवसाच्या टप्प्यात तीन स्तूप आहेत. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात चैत्य आहे. वसईच्या खाडीपलीकडे सोपाऱ्याचा स्तूप आहे. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली तो खणला. आणि तिसरा हा पॅगोडा. पहिले दोन घुमटाकार, बुटके. तिसरा घंटेच्या आकाराचा, वर निमुळता होत गेलेला, सोनेरी. मुलांना तिन्हींची चित्रे काढायला लावली तर बर्मी कारागिरांनी शतकानुशतके स्तूपाला दिलेला आकार आपोआप कागदावर उतरतो. परत आलेली वस्तू जशी गेली तशी आलेली नाही, हे चित्रच सांगते. गोराईतही आपण एक बदल केला आहे : श्वेडगॉन भरीव आहे, आपला पॅगोडा पोकळ. त्यांची पूजा बाहेरून, प्रदक्षिणेने. आपले ध्यान आत बसून. देवघेव कशी चालते ते शिकवायला याहून चांगला धडा मला माहीत नाही.

आणि कथेचा न सांगितला जाणारा भागही आहे. गोएंकांसारखी भारतीय व्यापारी घराणी ब्रह्मदेशात गेली ती ब्रिटिश राज्याच्या आश्रयाने. १९३१ च्या जनगणनेत रंगूनच्या लोकसंख्येत निम्म्याहून अधिक भारतीय होते. दक्षिणेकडच्या चेट्टियार सावकारांकडे खालच्या ब्रह्मदेशातली फार मोठी भातजमीन गेली. १९३० आणि १९३८ साली रंगुनात भारतीयांविरुद्ध दंगे झाले. भारतीय चेहऱ्याच्या माणसाला तेथे ‘कलार’ म्हणतात. हा शब्द हिणवण्यासाठीही वापरला जातो. १९६२ साली ने विन यांनी सत्ता घेतली, मग दुकाने-कारखाने सरकारजमा झाले आणि लाखो भारतीयांना रिकाम्या हाताने परतावे लागले. बर्मी माणसाच्या आठवणीत आपण सावकार आणि परक्या सरकारचे कारकून आहोत. परतलेल्या भारतीयाच्या आठवणीत तो देश घर हिसकावून घेणारा आहे. दोन्ही आठवणी खऱ्या. सोनेरी घुमटाखाली उभ्या असलेल्या नववीच्या मुलाला या दोन्ही एकत्र सांगितल्या तर त्याला धक्का बसेल, पण तो धक्का पेलण्याचे वय तेच आहे.

मंडाले आणि रत्नागिरी

मराठी माणसाला मंडाले हे नाव ठाऊक आहे ते तुरुंगाचे. लोकमान्य टिळकांना २२ जुलै १९०८ रोजी सहा वर्षांची शिक्षा झाली, ते मंडालेला गेले, तेथे ‘गीतारहस्य’ लिहिले, १९१४ साली सुटले. शाळेत शिकवले जाणारे मंडाले एवढेच : एक कोठडी, एक पेन्सिल, एक ग्रंथ. त्या कोठडीबाहेरचे शहर आपल्या कल्पनेत नाही.

बर्मी मुलासाठी तेच मंडाले मिंडोन राजाने १८५७ साली वसवलेली राजधानी आहे. याच राजाने १८७१ साली पाचवी धम्मसंगीती भरवली आणि सबंध त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरून घेतले. त्या शिळा आजही तेथे उभ्या आहेत. त्याचा मुलगा थिबा. नोव्हेंबर १८८५ मध्ये ब्रिटिशांच्या फौजेने मंडाले घेतले. त्या फौजेत हिंदी शिपाई मोठ्या संख्येने होते. १ जानेवारी १८८६ रोजी ते राज्य खालसा झाले आणि राजाला प्रथम मद्रासला व नंतर रत्नागिरीला आणून ठेवले. त्याच रत्नागिरीत ३० वर्षांपूर्वी टिळकांचा जन्म झाला होता.

टिळक मंडालेत असताना थिबा रत्नागिरीत होता. १९०८ ते १९१४ ही सहा वर्षे एकाच सत्तेने दोन माणसे एकमेकांच्या गावी कैदेत ठेवली होती. थिबासाठी बांधलेला राजवाडा १९१० साली तयार झाला. ‘गीतारहस्य’ १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिले गेले. रत्नागिरीच्या शाळेतला मुलगा टिळकांचे जन्मस्थान पाहतो आणि थिबा पॅलेसही पाहतो. पहिले राष्ट्राचे स्मारक, दुसरे सहलीचे ठिकाण. दोन्ही मिळून एकच प्रकरण आहे, असे त्याला सहसा कुणी सांगत नाही.

थिबाचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. त्याच्या राज्यारोहणानंतर राजघराण्यातल्या अनेकांची राजवाड्यातच कत्तल झाली होती. पण डिसेंबर १९१६ मध्ये तो रत्नागिरीत वारला, त्याची समाधी तेथेच आहे, आणि त्याच्या थोरल्या राजकन्येची मुलगी रत्नागिरीतच मराठी बोलत वाढली आणि वृद्ध झाली. ब्रह्मदेशाची राजनात आपली शेजारीण होती. म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन डिसेंबर २०१२ मध्ये समाधीवर येऊन गेले. २०१६ च्या स्मृतिशताब्दीला आलेल्यांत लष्करप्रमुख मिन आँग ह्लाइंग होते. २०२१ साली त्यांनीच लोकनियुक्त सरकार उलथवले. आपल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी शेजारच्या देशाचे चालू राजकारण येऊन नमस्कार करून गेले.

आणखी एक गोष्ट. २८ डिसेंबर १८८५ रोजी मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. तेथे ७२ प्रतिनिधी होते, हे मुलांना पाठ असते. त्याच अधिवेशनात उत्तर ब्रह्मदेश खालसा करण्यास नापसंती दाखवणारा ठराव झाला होता. मंडाले पडून जेमतेम महिना झाला होता. ठरावामागे शेजाऱ्याविषयीचा कळवळा किती आणि खर्चाचा बोजा हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडेल ही काळजी किती, याची चर्चा वर्गात अवश्य करावी. खालसा करायचेच असेल तर ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून वेगळा ठेवा, अशी मागणीही त्यात होती. तरी आपल्या राष्ट्रीय राजकारणाच्या पहिल्याच बैठकीत शेजारी देशाचा प्रश्न होता, हे पाठांतराच्या ७२ पेक्षा महत्त्वाचे आहे.

महाराष्ट्राच्या दुसऱ्या एका मोठ्या घटनेतही ब्रह्मदेश उपस्थित आहे. डॉ. आंबेडकर डिसेंबर १९५४ मध्ये रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले आणि त्याच महिन्यात देहूरोडला रंगूनहून आलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांना दीक्षा देणारे भदंत चंद्रमणी मूळचे आराकानचे. त्याच आराकानातून, म्हणजे आजच्या राखाइनमधून, २०१७ साली लाखो रोहिंग्या बांगलादेशात पळाले. एक प्रदेश आपल्याला दीक्षा देणारा भिक्षू देतो आणि तोच प्रदेश शेजारच्या माणसांना हाकलणारा ठरतो. कोणत्याही एका धर्माला किंवा देशाला शांततेचे प्रशस्तिपत्र देऊन धडा संपवता येत नाही, हे मुलाने शाळेतच शिकावे.

समुद्रावरची रेषा

आतापर्यंतचा शेजारी दूरचा आणि बराचसा जुना होता. किनाऱ्यावरच्या मुलांसाठी एक शेजारी फार जवळचा आहे. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीकडचे खलाशी गुजरातच्या बोटींवर जातात. त्यांतले काही सागरी सीमारेषा ओलांडल्यावरून पकडले जाऊन कराचीच्या तुरुंगात वर्षे काढतात. पाकिस्तानी मच्छीमार आपल्या तुरुंगांत असतात. मे २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै रोजी एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात-घेतात. या दोन तारखा नववीच्या प्रकरणातल्या कोणत्याही सनावळीपेक्षा त्या घरांना अधिक महत्त्वाच्या आहेत. समुद्रावर रेषा दिसत नाही, मासळी रेषा पाळत नाही, पकडल्यावर दूतावासाकडे कसे पोचायचे, घरच्यांनी कोणाकडे अर्ज करायचा, हे सगळे नागरिकशास्त्र आहे. ते किनाऱ्यावरच्या शाळांत शिकवले पाहिजे.

आणि कराची म्हणजे केवळ तुरुंग, असे मंडालेसारखेच आपले होऊ नये. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता. कराचीत १८५५ साली सुरू झालेली सिंधमधली पहिली सरकारी शाळा आज ‘एनजेव्ही’ म्हणून ओळखली जाते. ही अक्षरे नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाची आहेत. फाळणी झाली, युद्धे झाली, तरी नाव राहिले. याचा अभिमान जरूर वाटावा, पण तेवढ्यावर थांबू नये. याच वैद्यांकडे सरकारने सिंधीसाठी अरबी वळणाच्या लिपीऐवजी खुदाबादी लिपी रूढ करण्याचे काम सोपवले होते. शेजाऱ्याच्या अक्षरांत हात घालणारा सरकारी अधिकारी म्हणूनही त्यांच्याकडे पाहायला हवे.

काय करता येईल

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये माध्यमिक स्तरावर शिकता येतील अशा परकी भाषांची यादी आहे : कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन. मसुद्यातली चिनी अंतिम यादीत राहिली नाही. बर्मी नाही, सिंहली नाही. नोकरीच्या दृष्टीने यादी समजण्यासारखी आहे. शेजाऱ्याच्या दृष्टीने ती कोरडी आहे.

पण मुंबईला या यादीची वाट पाहण्याची गरज नाही. महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड या आठ माध्यमांतून शाळा चालवते, आणि पुष्कळदा एकाच इमारतीत दोन-तीन माध्यमे भरतात. उर्दू ही पाकिस्तानची राष्ट्रभाषा. तमिळ श्रीलंकेची एक राजभाषा. नेपाळी, बंगाली, सिंधी या आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषा आहेत आणि उपनगरांतल्या इमारतींच्या फाटकांवर, दुकानांत, कारखान्यांत रोज ऐकू येतात. साने गुरुजींनी आंतरभारतीची कल्पना मांडली ती प्रांतांप्रांतांतले अपरिचय दूर व्हावेत म्हणून. शेजारी प्रांताची भाषा शिकणारा मुलगा, भाषांच्या योगायोगाने, शेजारी देशाच्या उंबरठ्यावर पोचतो, हे आपल्या लक्षात आलेले नाही. मराठी माध्यमाच्या सातवीने त्याच जिन्यावरच्या उर्दू माध्यमाच्या सातवीकडून आठवड्यातून एक तास अक्षरे शिकावीत आणि त्यांना मोडी दाखवावी, याला अनुदान लागत नाही, परवानगीपेक्षा इच्छा अधिक लागते.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. शेजाऱ्याची बाजू शिकवली तर मुलांना स्वतःच्या देशाविषयी काय वाटेल? ज्या देशाशी युद्धे झाली, ज्याच्या भूमीवरून दहशतवादी मुंबईत आले, त्याची बाजू मुंबईच्या मुलाने का ऐकावी? माझे उत्तर असे की बाजू ऐकणे आणि बाजू घेणे यांत फरक करता येणे हीच खरी तयारी. २६ नोव्हेंबर २००८ चे आरोपी कोण होते हे मुलाला नीट माहीत असावे. कराचीत आपल्यासारखीच मासळी विकणारी माणसे राहतात, हेही माहीत असावे. दुसऱ्या माहितीने पहिली पुसली जात नाही. उलट ज्याला शेजाऱ्याची एकच गोष्ट ठाऊक असते, त्याला कोणीही दुसरी खोटी गोष्ट सांगून फसवू शकते. मोबाइलवर ती रोज सांगितली जाते.

म्हणून एक साधी कसोटी सुचवतो. नववी-दहावीच्या परीक्षेत दरवर्षी एक प्रश्न असा असावा : ‘अमुक शेजारी देशातल्या तुमच्या वयाच्या विद्यार्थ्याला भारताविषयी असलेली एक तक्रार त्याला पटेल अशा शब्दांत मांडा, आणि मग तिला तुमचे उत्तर लिहा.’ रंगूनच्या सावकारीची तक्रार असेल, कोलंबोच्या मुलाची भारतीय शांतिसेनेविषयीची असेल, काठमांडूच्या मुलाची २०१५ च्या नाकेबंदीविषयीची असेल. उत्तर काय द्यावे हे विद्यार्थ्यावर सोपवावे. गुण मात्र आधी तक्रार प्रामाणिकपणे मांडण्याला द्यावेत. हा प्रश्न सोडवण्यासाठी लागणारी माहिती आजच्या पुस्तकांत नाही. प्रश्न एकदा पत्रिकेत आला की ती पुस्तकांत येईल, हा आपल्या शिक्षणव्यवस्थेचा अनुभव आहे. गोराईच्या सहलीत मुलांच्या वहीत उंचीच्या आकड्याखाली त्या दिवशी आणखी दोन ओळी उतरतील, आणि त्यांतली एक तरी यांगूनच्या बाजूची असेल.